फ्रान्सच्या बाजूनं कापूस वेचताना

मी फार फिरलेली नाही. राळेगावजवळचं आमचं गाव, कॉलेजसाठी यवतमाळ, आणि एकदा टीमबरोबर अमरावती, एवढाच माझा प्रवास. त्यामुळे प्रवासवर्णन लिहिण्याजोगं काही आपल्याकडे आहे का, याची मला खात्री नव्हती. पण वर्ल्ड कपच्या शेवटच्या दोन मॅच बघायला मी डिसेंबरात ज्या रस्त्यानं गेले आणि जिथं पोचले, तिथं तुमच्यापैकी फारसं कोणी गेलं नसेल. म्हणून लिहिते आहे. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी फुटबॉलचं सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि फुटबॉलला पाय लावणारीही पहिलीच. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना मुलींची टीम उभी करायची होती आणि अकरा मुली भरत नव्हत्या. शाळेत असताना रोज सायकल मारून माझे पाय कणखर झाले होते, एवढ्यावर त्यांनी मला उजव्या बाजूची बचावपटू केलं. गोलकीपर दीपाली, माझी रूममेट. पुढे खेळणारी नाझिया, घाटंजीची. त्या वर्षीचा वर्ल्ड कप आम्ही तिघींनी होस्टेलवर एका मोबाइलच्या पडद्यावर, एका रजईत डोकी खुपसून पाहिला. खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे. तरी अर्जेंटिनाचा दहा नंबर पायात बॉल घेऊन वळला की मला माझाच श्वास ऐकू यायचा. माझी टीम अर्जेंटिना. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचीच पंचाईत झाली.

यवतमाळ

फायनल आमच्या गावाला बघू, असं दीपाली सेमीफायनलपासूनच म्हणत होती. तिचं गाव झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या पुढे जंगलाला लागून. मला वाटलं, मैत्रिणीला घर दाखवायची हौस असेल. शनिवारी सकाळी बसस्टँडबाहेर तर्री-पोहे खाताना तिनं खरं कारण सांगितलं.

दिवाळीनंतर तिच्या आईचा उजवा हात मोडला होता. नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला आणि मनगटावर पडली. वडील ट्रकवर ड्रायव्हर, ते तेव्हाही आणि आताही कुठं तरी दक्षिणेकडेच. आणि वावरातला कापूस फुटून पांढराशुभ्र उभा. आभाळ चार दिवसांपासून भरून येत होतं. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की तो काळा पडतो, बोंडातून लोंबतो, मातीत जातो. हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

"मग गावातले लोक वेचून नाही देत?" मी विचारलं.

दीपाली म्हणाली, देतील ना, सगळे तयार आहेत, मायच तयार नाही.

आमच्याकडे वेचणी किलोवर होते. जितकं वेचलं तितकी मजुरी. दीपालीच्या गावात दिवसाला दिवस चालतो. आज तू माझ्या वावरात ये, उद्या मी तुझ्यात येते. हात मोडायच्या आधी मावशींनी, म्हणजे दीपालीच्या आईनं, ज्यांच्याकडे दिवस घातले होते, ते सगळे त्यांना परत मिळून गेले होते. त्यापुढं एकही दिवस घ्यायला त्या तयार नव्हत्या. "फेडाले हात नाई, तं घेऊ कशी?" एवढंच त्यांचं म्हणणं. बायका टोपल्या घेऊन वावरापर्यंत आल्या, तर मावशी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आडव्या उभ्या राहिल्या. रविवारी दीपाली जाऊन वेचायची, पण एकटीच्या हातानं असं कितीसं वावर रिकामं होणार?

राहता राहिली पैज. त्यांच्या गावाच्या मधून नाला वाहतो. त्याच्या एका काठाला अल्याड म्हणतात, दुसऱ्याला पल्याड. दर संक्रांतीला दोन्ही काठांची कबड्डी होते आणि जे हरतील त्यांनी, जिंकणारे दाखवतील ते वावर एका दिवसात वेचून द्यायचं. जिंकणाऱ्यांनी त्या दिवशी त्यांना जेवू घालायचं. पैजेत मिळालेला दिवस फेडावा लागत नाही. तो उपकार नसतो, तो हक्काचा. म्हणून दीपालीच्या चुलतभावानं, मारोतीनं, टूम काढली की संक्रांतीपर्यंत कापूस थांबणार नाही, तर यंदा पैज फायनलवर लावू. अल्याड जिंकलं की पल्याडचे लोक मावशींचं वावर वेचतील, आणि मावशींना नाही म्हणता येणार नाही.

"आणि अल्याड हरलं तर?"

दीपालीनं तर्रीत उरलेला चणा शोधला. "तू फुटबॉल समजावून सांगाले चाललीस. हरायचं तू सांगू नको."

घाटंजी

घाटंजीला उतरायचं कारण दोन. एक, रात्रीची तिसऱ्या नंबरची मॅच नाझियाकडे बघायची. दुसरं, तिच्या अब्बूंचा प्रोजेक्टर घ्यायचा.

अब्बू मोटारी रिवाइंड करतात. दुकानात तांब्याच्या तारेची वेटोळी, जळक्या वार्निशचा वास, आणि उघडून ठेवलेल्या पंपांची रांग. संध्याकाळी त्यांनी पंप भिंतीला लावले, जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि टीव्ही एका मोठ्या मोटारीच्या खोक्यावर ठेवला. मोहल्ल्यातली बरीच माणसं आली. मोरोक्को त्या वर्षी कोणाच्या ध्यानीमनी नसताना सेमीफायनलपर्यंत गेला होता. त्या दुकानात बसलेल्यांपैकी कोणीही तिकडे गेलेलं नव्हतं, पण खेळाडूंच्या आया मॅच संपल्यावर मैदानात येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाझियाच्या अम्मी तर म्हणाल्या, मला मॅच कळत नाही, मी आई येईपर्यंत थांबणार.

मी संकोचून कडेला बसले होते. इतक्या अनोळखी माणसांत बसून मॅच बघायची माझी ती पहिलीच वेळ. मोरोक्कोनं सुरुवातीलाच गोल खाल्ला आणि लगेच फेडला. तो फेडल्यावर शेजारच्या काकांनी मला, मी कोण हे न विचारता, पाठीवर अशी थाप मारली की माझा चहा ओढणीवर सांडला. त्यानंतर माझा संकोच गेला. मीही ओरडू लागले. रजईत तोंड दाबून ओरडणं आणि मोकळ्या गळ्यानं ओरडणं, यात किती फरक असतो ते मला तेव्हा कळलं.

मध्यंतराच्या जरा आधी क्रोएशियानं दुसरा गोल केला आणि तोच शेवटचा ठरला. मोरोक्को चौथा आला. मग अब्बू उठले आणि आतून शिऱ्याचं मोठं पातेलं घेऊन आले. अम्मींनी तो जिंकल्यावर वाटायला केला होता. नाझिया म्हणाली, "अब्बू, अब क्या बांटते?"

"जीतने के वास्ते बनाया था," ते म्हणाले, "हारने के बाद बी मीठाच लगता. खा के देख." आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच तक्रार केली होती, "दुनिया में चौथा, बेटा. इधर घाटंजी में चौथा आने को कितनी मेहनत लगती, मालूम?"

रात्री दालचा आणि भात. आमच्याकडे डाळीत भोपळा पडला की तो आजाऱ्याचा समजतात. इथं मी दोनदा मागून घेतला. झोपताना अर्जेंटिनाचा विचार करायचा होता, पण अब्बूंचं पातेलंच डोळ्यांसमोर येत होतं.

पांढरकवडा, मुकुटबन आणि पुढे

प्रोजेक्टर अम्मींच्या जुन्या शालीत बांधला. बंद केल्याबरोबर वायर ओढायची नाही, पंखा थांबू द्यायचा, असं अब्बूंनी दोनदा बजावलं. नाझियाला घरी पाहुणे येणार असल्यानं येता आलं नाही. पांढरकवड्याला बस बदलली. पुढच्या बसमध्ये जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. प्रोजेक्टर मांडीवर. खड्डा आला की मी तो दोन्ही हातांनी वर उचलायची आणि शाल बाजूला करून आत बघायची. शेजारचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "अंडी घालून राह्यली काय वं कोंबडी?" मी सांगितलं की हे पिक्चर दाखवायचं यंत्र आहे. ते म्हणाले, मंग जरा भोक ठेव, जीव घाबरन त्याचा.

आमच्या राळेगावकडे नजर जाईल तिथपर्यंत काळं, सपाट रान. इकडे जमीन वर-खाली होते. सागाची झाडं अगदी रस्त्यापर्यंत येतात आणि मध्येच बाजूला होऊन एखादं कपाशीचं वावर दाखवतात. तुरी शेंगांवर आलेल्या. आभाळ मात्र राखाडी. दीपाली खिडकीतून सागाकडे बघतच नव्हती, ती वर बघत होती.

मुकुटबनला उतरून ऑटो केला आणि दुपारच्या आत गावात पोचलो. नाला आधी लागतो. पाणी घोट्याएवढं, मध्ये मोठे दगड. दीपालीनं मला मावशी घसरल्या होत्या तो दगड दाखवला, आणि मग आम्ही दोघी चपला हातात घेऊन पाण्यातूनच गेलो.

अल्याड

मावशी अंगणातच होत्या. उजव्या हाताला प्लास्टर, त्यावर साडीचा पदर गुंडाळलेला. डाव्या हातानं त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दीपालीशी कोलामीत काही बोलल्या. दीपाली हसली. मी विचारल्यावर तिनं सांगितलं, माय म्हणते, फुटबॉलवाली म्हणून मी उंचपुरी पोरगी समजली होती.

घरात त्या आपसांत कोलामी बोलत आणि माझ्याशी वऱ्हाडी. जेवायला तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. भाकरी दीपालीनं थापल्या. मावशी चुलीपाशी बसून, जाळ कमी कर, उलथव, अशा सूचना देत होत्या आणि मध्येच त्यांचा डावा हात परातीकडे जाऊन परत येत होता. जेवताना मी चाचरत कापसाचा विषय काढला. मी वेचू लागले तर चालेल का, असं विचारलं.

"तू पाहुणी. तुह्या वावरात मी कधी येऊ?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

दुपारी चावडीपुढे दोन्ही काठांची माणसं जमली. पल्याडच्या पुढारी भुराबाई. साठीच्या असतील, बारीक अंगाच्या, वेचणीत त्यांच्यापुढं कोणी जात नाही असं दीपालीनं सांगितलं होतं. टीम ठरवायच्या होत्या. त्यासाठी नाणं नाही, सागाचं पान. एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. गुळगुळीत बाजू वर आली की अल्याडला अर्जेंटिना, खरखरीत आली की फ्रान्स. मी मनात म्हटलं, गुळगुळीत. इतक्या मनापासून मी परीक्षेच्या निकालालाही काही मागितलेलं नाही.

मारोतीनं पान फेकलं. ते रमतगमत खाली आलं, आणि खरखरीत.

"पाहुणीचं काय?" कोणीतरी विचारलं. दीपालीनं आगाऊपणानं सांगून टाकलं होतं की मी अर्जेंटिनाची.

भुराबाईंनी निकाल दिला. "जेवली कुठं? अल्याड ना? मंग फ्रान्सची. पोटात भाकर एकीची अन् तोंडात नाव दुसरीचं, असं आमच्याकडं नाई चालत."

सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगायचं तर माझं तोंड पडलं होतं. ज्या मॅचची मी महिनाभर वाट पाहिली, तीत अर्जेंटिनानं हरावं असं मला म्हणायचं होतं. आणि म्हणायलाच हवं होतं. समोर मावशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागं, घरांच्या पलीकडे, त्यांचं पांढरं वावर इथूनही दिसत होतं.

फायनल

पडदा म्हणजे कापसाची गाठोडी बांधायच्या पांढऱ्या चादरी, एकाला एक शिवून चावडीच्या भिंतीवर ताणलेल्या. झटकल्या तरी त्यांना कापूस चिकटलेलाच. त्यामुळे मैदानावर जागोजागी बारीक ढग दिसत होते आणि खेळाडू त्यांच्यातून पळत होते. मॅच मारोतीच्या मोबाइलवरून प्रोजेक्टरवर. दोन्ही काठांची माणसं चादरी-घोंगड्या गुंडाळून बसली, एक बाजू अल्याडची, एक पल्याडची, मध्ये शेकोटी आणि मोठ्या गंजात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. शेंगा मात्र सगळ्यांच्या.

मी समजावून सांगायला उभी राहिले. ऑफसाइड सांगताना तर माझाच गोंधळ झाला. भुराबाईंनी मला सोडवलं. त्या म्हणाल्या, समजलं, समदे रांगेत वेचून राह्यले असताना एकीनं चोरून पुढं नाई जायाचं. यापेक्षा चांगलं मला आजही सांगता येणार नाही. मावशींची अडचण वेगळी होती. दोन्ही टीममध्ये दहा नंबर होता. "मंग आपला दहा कोणता?" त्या पुन्हा पुन्हा विचारत. निळ्यातला, मी सांगायची. पट्ट्यांतला नाही. आणि सांगताना माझी नजर पट्ट्यांतल्यावरच.

पहिला गोल अर्जेंटिनाचा, पेनल्टीवर, त्याच दहा नंबरचा. मी ओठ दाबून बसले. पण दुसरा गोल कसा झाला म्हणून सांगू! अर्जेंटिनाच्या अर्ध्या मैदानातून बॉल निघाला, एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, कोणी दोनदा हात, म्हणजे पाय, लावला नाही, आणि क्षणात जाळ्यात. नाल्यावर घागरी हातोहात जाव्यात तसा. मी उभी राहून ओरडले. दोन्ही हात वर. आणि मग माझ्या लक्षात आलं की अल्याडच्या बाजूला एकटी मीच उभी आहे.

पल्याडकडून जे हसू फुटलं ते थांबेना. "आमची माणूस तिकडं काहून बसवली वं?" भुराबाई. माझे कान तापले. मी खाली बसले आणि मावशींकडे बघायचं टाळलं. त्यांनी शेंगांची ओंजळ माझ्यापुढं केली. "खा. गोड लागला तं लागला, त्याले काय करतं." त्यांनी एवढंच म्हटलं.

त्यानंतर फ्रान्स जणू मैदानात नव्हतंच. सगळं संपल्यासारखं झालं. शेकोटी विझत आली, अल्याडचे एक-दोघं उठायच्या बेतात. दीपाली गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. आणि एकाएकी पेनल्टी, निळ्या दहा नंबरचा गोल. आनंद करून खाली बसतो न बसतो तोच परत त्याचाच गोल, बॉल हवेत असतानाच मारलेला. बरोबरी! अल्याड सगळं उभं. मारोतीनं घोंगडी शेकोटीवरून उडवली, ती थोडी जळलीच. मावशी डाव्या हातानं माझा दंड दाबून विचारत होत्या, "आपलाच दहा ना? आपलाच ना?" "आपलाच, मावशी, आपलाच." आणि हे सांगताना मी खोटं बोलत नव्हते. कधी झालं कळलं नाही, पण त्या घडीला मला फ्रान्स हवं होतं. अर्जेंटिनाही हवं होतं. दोन्ही एकदम हवं असणं किती त्रासाचं असतं!

जादा वेळेत पट्ट्यांतल्या दहानं गोल केला, निळ्यातल्या दहानं पेनल्टीवर तो फेडला. तीन-तीन. अगदी शेवटी फ्रान्सचा एकजण एकटाच गोलकीपरसमोर आला आणि दीपाली किंचाळली. अर्जेंटिनाच्या गोलकीपरनं पाय पसरून बॉल अडवला. दीपाली स्वतः गोलकीपर. तिला फ्रान्स जिंकायला हवं होतं, तिच्या मायचा कापूस त्यावर होता, आणि तरी तिच्या तोंडून गेलं, "काय अडवला बे!"

मग पेनल्टी. आणि इथं एक भानगड झाली. पल्याडच्या एका घरी डिशच्या छत्रीवर चालणारा टीव्ही होता. थंडीमुळं तिथले म्हातारे घरीच बसून मॅच बघत होते. मोबाइलवरचं चित्र टीव्हीच्या मागून येतं. मॅचभर ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, इतका इकडेच गलका होता. पण पेनल्टीच्या वेळी चावडीपुढे सगळे श्वास रोखून बसले, आणि आमचा खेळाडू अजून बॉल ठेवतच होता तोवर नाल्यापलीकडून म्हाताऱ्यांची आरोळी आली. नंतर पडद्यावर गोलकीपरनं बॉल अडवला. पुढच्याही वेळी तसंच. तिकडे आरोळी, आणि मग इकडे फ्रान्सचा बॉल खांबाबाहेर. भविष्य आधी कानावर पडायचं आणि मग डोळ्यांना दिसायचं. मारोती नाल्याकडे तोंड करून ओरडला, गप बसा बे म्हाताऱ्यांनो. तिकडून कोणीतरी तितक्याच जोरात उत्तर दिलं की आम्ही आमच्या घरी ओरडून राहिलो.

शेवटचा अर्जेंटिनाचा खेळाडू बॉलकडे चालत निघाला. त्यानं मारला तर संपलं. मी डोळे मिटले. मला कान मिटता आले असते तर बरं झालं असतं. नाल्यापलीकडून आरोळी आली, आतापर्यंतची सगळ्यांत मोठी.

माझी टीम जगज्जेती झाली होती. मी डोळे उघडले. अजून पडद्यावर तो खेळाडू पळायला सुरुवातच करत होता. बॉल जाळ्यात गेला, पट्ट्यांतला दहा नंबर गुडघ्यांवर बसला, आणि मला रडू आलं. ते कशाचं होतं, हे मला नीट सांगता येत नाही. मावशी मात्र शांत होत्या. उठल्या, चादरीला चिकटलेला कापूस बोटानं काढला आणि दीपालीला म्हणाल्या, "सकाळी लवकर उठव मले. हारलो तं हारलो. वेचाले जा लागन."

"एका हातानं, माय?"

"पैज दोन हाताची होती काय?"

प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत मी भिंतीपाशी उभी राहिले. अब्बूंनी बजावलं होतं.

सोमवार

सकाळी धुकं होतं आणि आभाळ खाली आलेलं. अल्याडचे सगळे कापूस घ्यायची फडकी कमरेला बांधून नाल्यावर जमले. मीही. पल्याडहून भुराबाई आणि त्यांची माणसं आली, डोक्यावर कणीक, वांगी, गोवऱ्या, भांडी. आज जेवण त्यांचं. मला पाहून भुराबाई म्हणाल्या, ही तर काल आमच्याकडून ओरडली, हिला कशाला वेचायला लावता, हिला रोडग्यांजवळ बसवा. मी म्हटलं, भाकर अल्याडची खाल्ली आहे. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

त्या पुढे झाल्या. मला वाटलं नाला ओलांडून पल्याडच्या वावरात जायचं. पण त्या अल्याडच्या काठानंच वर चालू लागल्या. घरं मागं पडली. मारोती आणि दीपाली एकमेकांकडे बघू लागले. एका धुऱ्यापाशी भुराबाई थांबल्या आणि डोक्यावरचं ओझं उतरवलं.

मावशी मागून आल्या. "हे काय? हे तं माहं वावर हाय."

"असन," भुराबाई म्हणाल्या. "जितलं कोण?"

"तुमी."

"जितणारे दावतीन थे वावर. आमी हे दावलं."

मावशींचा चेहरा ताठ झाला. धुऱ्यावर त्या पूर्वीसारख्याच आडव्या उभ्या राहिल्या. "हे पैजेचं नाई, भुरे. हे तू भीक घालून राह्यली."

"भीक? म्या काय देऊन राह्यली तुले? तुह्याच अल्याडचे लोक वेचतीन. माह्यं काय चाललं, कणीक अन् वांगे. थे तं मले कुठंबी द्याच लागते." भुराबाई गोवऱ्या रचायला बसल्याही होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हारल्यानं बोलाचं नाई, लक्ष्मी. बोलाचं असन तं जाऊन तुह्या फ्रान्सले बोल."

मावशींनी मागं वळून पाहिलं. वावरातला कापूस दवानं जड झाला होता. मग त्या बाजूला झाल्या. कमरेचं फडकं सोडून माझ्या हातात दिलं आणि पाठ केली. "घट बांध. मी बी हारलीच ना."

मी गाठ मारली. त्या पहिल्या ओळीत शिरल्या आणि डाव्या हातानं बोंड धरून कापूस ओढू लागल्या. पहिल्यांदा बोंडच तुटून आलं. दुसऱ्यांदा कापूस आला. त्यांच्या मागोमाग सगळं अल्याड वावरात उतरलं.

मी दीपालीच्या शेजारची ओळ धरली. मी वेचणीत हळू नाही, पण इथल्या बायका बोलता बोलता दोन्ही हातांनी वेचत पुढे निघून जात. बोलणं सगळं कालच्या मॅचचं. निळ्या दहाची आई कोण असेल, त्याला हरल्यावर घरी काय जेवायला दिलं असेल. एकीनं मागून ओरडून विचारलं, मी रांग सोडून पुढं गेली तं ऑफसाइड होते काय वं? दुपारी रोडगे आले, राखेतून काढलेले, तुपात चुरलेले, वर वांग्याची झणझणीत भाजी. हरलेल्यांना जिंकलेल्यांनी वाढलं. मावशींच्या ताटात भुराबाईंनी रोडगा स्वतः कुस्करून घातला, आणि मावशींनी तो मुकाट खाल्ला. मला घाटंजीचं पातेलं आठवलं.

दिवस कलताना वावर काळं-हिरवं झालं. बांधलेली गाठोडी धुऱ्यावर. पाऊस आला नव्हता. तो दोन दिवसांनी आला, हे दीपालीनं मला नंतर फोनवर सांगितलं; तोवर कापूस घरात होता.

मला यवतमाळला परतायचं होतं, दीपाली आणखी थोडे दिवस मायजवळ राहणार होती. निघताना मावशी मला नाल्यापर्यंत सोडायला आल्या. डाव्या हाताच्या बोटांना बोंडांचे ओरखडे. त्यांच्या मनात काहीतरी होतं, बोलू की नको अशा त्या चालत होत्या. पाण्याच्या कडेला थांबून त्यांनी विचारलं, "हे आता परत कधी असते वं, पोरी?"

"चार वर्षांनी, मावशी."

"चार साल." त्यांनी पल्याडकडे पाहिलं. तिकडे भुराबाई नाल्यावर भांडी घासत होत्या. "तवर हात तं बरा होते. तवाबी फ्रान्सच घेऊ आपण. तू येजो. अन् त्या दिवशी बस्स, तोंड आवरजो."

मी येईन म्हणाले. चपला हातात घेतल्या आणि प्रोजेक्टर डोक्यावर धरून, दगड टाळत, पाण्यात उतरले.